नसलेल्या हाताचं माप

१

आमच्या घरात सकाळी आधी तलवारी पुसल्या जातात, मग चहा होतो. पुसायचं काम माझं. भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग आहे, तिथल्या एकेका तलवारीवरून तेलाचं फडकं टोकापासून मुठीपर्यंत फिरवायचं. पोलादाला घामाचं वावडं. उघड्या बोटाने पात्याला हात लावला आणि पुसायचं राहिलं, की दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस ठसा उठलाच.

लेक माझा चांगला इंजिनियर होता. नोकरी सोडून तलवारी करायला लागला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पहिली तलवार माझ्यापुढे धरली. मूठ अशी काही बेढब बांधली होती की मला बोलावंच लागलं. चाळीस वर्षं मी चपला आणि पिशव्या शिवल्या, चामडं असं भिकाऱ्याच्या गाठोड्यासारखं गुंडाळलेलं मला बघवेना. तेव्हापासून मुठी माझ्याकडे.

कॉम्प्युटरवरच्या खेळांत चिलखत घातलेली माणसं असतात ना, त्यांच्या हातातल्या लांब, सरळ, दुधारी, दोन हातांनी धरायच्या तलवारी आम्ही करतो. शोभेच्या नाहीत. शोभेच्या बाजारात ढिगाने मिळतात. आमच्या कामाच्या. तोल असलेल्या, धार असलेल्या. त्या घेऊन लोक काय कापतात ते मला विचारू नका. आमचं एक गिऱ्हाईक तर बोटाला सुई टोचली तरी चक्कर येऊन पडतं.

आमच्या दोन रीती आहेत. पहिली, मूठ मापाने करायची. गिऱ्हाईकाने कागदावर हात पालथा ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि तो कागद पाठवायचा. कागदावर नाव असतं, पण मला अक्षर येत नाही, मी हातावरूनच माणूस ओळखते. दुसरी रीत, तलवार पुरी झाली की धनी स्वतः येतो, अंगणात उभा राहतो आणि त्याच्यासमोर कापणी होते. भिजवलेल्या चटईची गुंडाळी खांबावर उभी करायची आणि त्याच्या तलवारीने एका घावात कापून दाखवायची. कापणी माझी नात करते. तेवीस वर्षांची आहे, भट्टीशेजारी वाढली म्हणून तिला सगळे ठिणगी म्हणतात. ती कापते तेव्हा गुंडाळीचा वरचा तुकडा क्षणभर जागेवरच उभा राहतो आणि मग सावकाश घसरतो. गिऱ्हाईक त्याच क्षणाला भुलतं.

२

दातांच्या डॉक्टरांचा कागद आला तेव्हाच मी म्हटलं, हे काय आहे?

हात मोठा होता, पण मोठे हात मी पुष्कळ बघितलेत. याची चारही बोटं सारखी होती. मधलं लांब नाही, करंगळी आखूड नाही. चार मेणबत्त्या एका ओळीत ठेवाव्यात तशी.

"डॉक्टरांचा हात असाय?" मी लेकाला विचारलं. "मग तोंडात घालतात कसा?"

लेक हसला. "डॉक्टरांचा नाही गं आई. खेळातल्या त्या सरदाराचा आहे. डॉक्टरांना अगदी त्याच्या हातातलीच तलवार हवी आहे, म्हणून त्यांनी खेळातून त्याच्याच हाताचं माप काढलंय. हौस असते एकेकाची."

"आणि बोटं?"

ठिणगी चटई भिजत घालत होती, ती म्हणाली, "आजी, खेळात त्याच्या हातात कायम लोखंडी मोजे असतात. आतला हात कुणाला दिसणारच नाही म्हटल्यावर काढणाऱ्याने कंटाळा केला असेल. एक बोट काढलं आणि चार वेळा चिकटवलं."

मला हसू आलं. मापात मात्र मी लबाडी करत नाही. सागाच्या दोन फाळक्या त्या हाताच्या हिशेबाने कोरल्या, आत पात्याचं मागचं शेपूट बसायला खाच ठेवली. दोन्ही फाळक्या शेपटावर चिकटवल्या, वरून दोरा, दोऱ्यावर काळं चामडं. सोमवारी संध्याकाळी मूठ पुरी झाली. माझ्या हातात ती येईना, लेकाच्याही नीट येईना. ठिणगीने धरून बघितली तर लहान मुलीने बापाचा बूट घालावा तशी दिसली.

म्हणजे मी अशी मूठ बांधली होती, जी धरणारा हात जगात कुठे नव्हता. तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

३

मंगळवारी सकाळी त्या तलवारीच्या टोकाजवळ ठसा होता.

पात्याच्या एका अंगाला चार तांबूस टिपके, दुसऱ्या अंगाला अंगठा. कुणीतरी पातं मुठीत धरलं होतं. मी पुसलं आणि चहा घेताना सुनेला म्हटलं, "पात्याला हात लावू नका गं कुणी."

"मी कशाला लावू?" सून म्हणाली. ती पेट्या भरते, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलते, तलवारीकडे झुरळाकडे बघावं तशी लांबून बघते. "लावला असेल तुमच्या लाडक्या लेकाने."

लेक म्हणाला, मी नाही. ठिणगी म्हणाली, मी नाही.

बुधवारी ठसा पुन्हा होता. पहिल्यापासून एक वीत वर, मुठीच्या बाजूला. तेव्हा मी सगळ्यांची बोटं बघायला मागितली. लेकाच्या तर्जनीचं टोक मशीनने नेलंय, त्याचा ठसा मी झोपेतही ओळखेन. सुनेची बोटं बारीक. ठिणगीची लांब, पण करंगळी करंगळीसारखी.

"आई, तुम्ही पोलिसांत जायला हवं होतं," सून म्हणाली.

"गेले असते, पण सही करा म्हणाले असते," मी म्हटलं.

आणि बोलता बोलता माझं लक्ष माझ्याच अंगठ्याकडे गेलं. मी जन्मभर अंगठा उठवलेली बाई. शाईत बुडवून कागदावर दाबला की त्यावर रेघा उमटतात, गोल गोल, पाण्यात खडा टाकल्यासारख्या, हे मला कुणी शिकवायला नको. मी खिडकीशी जाऊन तो ठसा परत बघितला. चारही टिपके सारखेच मोठे होते, आणि कशावरच रेघ नव्हती. सपाट. गुळगुळीत.

तेल कमी पडलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. हवेत ओल आहे. डोळेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. त्या दिवशी काम संपल्यावर तलवार तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि वरून माझी गाठ मारली. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते. घरात कुणाला ती सोडून पुन्हा तशी बांधता येत नाही.

गुरुवारी सकाळी गाठ जशीच्या तशी होती. सोडली. ठसा आणखी एक वीत वर आला होता.

४

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ठिणगीला म्हटलं, "तो तुझा सरदार दाखव बघू मला."

तिचा कॉम्प्युटर पेट्यांच्या खोलीत असतो. तिने तो लावला. चांगला उंच गडी, नखशिखांत लोखंडात. डोक्यावरचं झाकणसुद्धा बंद. धुक्यात उभा होता आणि त्याचे खांदे वरखाली होत होते.

"हा काय करतोय?"

"काही नाही. आपण बटण दाबेपर्यंत असाच उभा राहतो."

"किती वेळ?"

"कायमचा," ती म्हणाली. "मी महिनाभर आले नाही तर महिनाभर."

मला वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, परक्याच्या घरी बस म्हणेपर्यंत ताटकळल्यासारखा. बघत राहिले. थोड्या वेळाने त्याने उजवा हात वर केला, पालथा केला, उलथा केला आणि बघत बसला.

"आणि हे?"

"जास्त वेळ उभा राहिला की तसं करतो. तशी सोय केलेली आहे, नाहीतर पुतळ्यासारखा वाटेल."

"तो मोजा काढता येतो का त्याचा?"

"नाही आजी. आत काही नसतंच."

आत काही नसतं, तर डॉक्टरांनी माप कशाचं काढलं, असं मी विचारणार होते. पण तिने बटण दाबलं आणि तो धावत सुटला, आणि पुढची दहा मिनिटं मी त्याला "अरे मागे बघ, मागे" करत बसले. गंमत वाटली, खोटं कशाला सांगू.

५

शुक्रवारी ठसा पात्याच्या वरच्या भागात होता. शनिवारी तो अगदी मुठीपुढच्या आडव्या दांड्याला भिडला. नुसता भिडला नव्हता. चार टिपक्यांपैकी दोन दांड्यावर चढले होते. भिंतीला बोटं लावून कुणी वर येत असावं, आणि कठड्यावर पहिली दोन बोटं पोचावीत, तसं.

पुढे मूठ. रविवारी डॉक्टर येणार, कापणी होणार. रविवारी ही मूठ ठिणगीच्या हातात असणार.

मी ठसा पुसला. कुणाला काही बोलले नाही. बोलणार काय? दहाच्या सुमाराला ठिणगीने तलवार उचलली आणि सरावाला अंगणात गेली. मी दाराशी उभी राहिले. पहिला घाव चांगला बसला. दुसऱ्याला तिने तलवार डोक्यावर नेली आणि तिथेच थांबली. क्षणभरच. फांदीला अडकलेली ओढणी सोडवावी तसा तिने हाताला झटका दिला आणि तलवार खाली आणली.

"काय झालं?"

"काही नाही. मूठ मोठी आहे ना, पकड घसरली."

ती आत आली तेव्हा मी तिचा हात हातात घेतला. हाताच्या पाठीवर चार पांढरे डाग होते, दाबून धरल्यावर पडतात तसे. सारखे. माझ्या डोळ्यांदेखत ते गुलाबी झाले आणि गेले.

"आजी, किती थंड आहेत तुझे हात," ती म्हणाली.

माझे हात थंड नव्हते. मी भट्टीशेजारच्याच दारात उभी होते.

मी सरळ लेकाकडे गेले. "ही मूठ फोड. नवी करायची."

"आई, उद्या डॉक्टर येणार आहेत."

"म्हणूनच."

"त्यांनीच दिलेलं माप आहे."

"तलवार ते धरणार आहेत ना? की तो खेळातला येणार आहे धरायला?"

हे मी भांडायच्या भरात बोलले आणि माझंच मला कसंतरी झालं. लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पन्नाशीला आलाय, पण मी कधी भांडते आणि कधी घाबरते ते त्याला पाळण्यात असल्यापासून कळतं. त्याने मशीन बंद केलं.

"ठिणगीला काही झालंय का?"

"व्हायच्या आधी फोड," मी म्हटलं.

सुनेने डॉक्टरांना फोन लावला. ते लाजायला लागले. "माझा हात काय, साधाच आहे," म्हणाले. सून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही रोज लोकांना तोंड उघडायला लावता, आज आम्ही तुम्हाला हात उघडायला लावतो." अर्ध्या तासात फोनवर फोटो आला, मापासाठी हाताशेजारी पट्टी ठेवलेली. गुबगुबीत छोटा पंजा, बुटकी करंगळी. इतका गोड हात मी वर्षभरात बघितला नव्हता.

लेकाने पातळ पटाशीने चिकटवलेल्या जागी अलगद फट पाडली आणि जुन्या फाळक्या वेगळ्या केल्या. ऊन उतरायच्या आत मी डॉक्टरांची मूठ कोरली, चिकटवली, ओलं चामडं चढवलं आणि वरून घट्ट दोर आवळला. दोर सकाळपर्यंत तसाच ठेवायचा असतो.

६

रविवारी मी फडकं घेऊन तलवारीपुढे गेले. टोकापासून दांड्यापर्यंत पातं बघितलं. पालथं करून बघितलं. आरशासारखं स्वच्छ. माझंच सुरकुतलेलं तोंड त्यात दिसलं, आणि बाई, मला ते फार देखणं वाटलं.

डॉक्टर नवा सदरा घालून आले. त्यांनी तलवार दोन्ही हातांत घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, हिच्यासाठी मीच कमी पडेन."

"तलवार तुमच्या मापाची आहे," मी म्हटलं. "आता कमी पडाल तर दोष आमचा."

अंगणात चटई उभी केली. ठिणगीने पाय रोवले, तलवार वर नेली. मी तिच्या हातांकडेच बघत होते. ती कुठे अडली नाही. सप्पकन आवाज आला, वरचा तुकडा जागेवर उभा राहिला, क्षणभर, आणि घसरला. डॉक्टरांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. सून म्हणाली, आता यांच्याकडे दात काढायला जायची छाती होणार नाही कुणाची. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तलवार पेटीत गेली, पेटी गाडीत गेली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

७

चूक माझीच, आणि ती माझ्यासारखी बाईच करणार. जुन्या फाळक्या भट्टीत टाकायला घेतल्या आणि माझा हात पुढे होईना. मापाने केलेली वस्तू मी कधी जाळलेली नाही. कुणाचा पाय गेला, कुणी माणूस गेलं, तरी त्याच्या मापाची चप्पल मी ठेवून द्यायचे. वाटलं, एवढ्या लांबून एवढे दिवस चढत आला बिचारा, आणि वर पोचला तर मूठच नाही. मी त्या फाळक्या एकमेकींना चिकटवल्या, काळं चामडं परत चढवलं आणि नुसती मूठ, बिनपात्याची, माझ्या कात्रीशेजारी खिळ्याला टांगली. असू दे म्हटलं. पात्याशिवाय मूठ म्हणजे काय, लाटणंच.

आठ दिवसांत चामड्यावर चार जागी चकाकी आली. वापरलेल्या मुठीला वर्षभराने चढते तशी. सकाळी हात लावला तर ऊबही लागायची, पण खिळ्यावर ऊन येतं, असं मी म्हणायचे. ऊन तिथे दुपारी येतं.

काल ठिणगी जेवताना म्हणाली, "आजी, तुझ्या सरदारात काहीतरी बदल केलेत वाटतं. आता तो हाताकडे बघत नाही."

"मग काय करतो?"

"पाठ करून बसलेला असतो. मांडीवर काहीतरी घेऊन घासत असतो. दिसत नाही काय ते. पण आवाज मस्त दिलाय, अगदी बाबांच्या कानशीसारखा."

मी हातातला घास खाली ठेवला, मग उचलून खाल्ला. तिच्यासमोर नको.

जेवण झाल्यावर मूठ खिळ्यावरून काढली. पात्याचं शेपूट बसायची ती खाच, तिच्या तोंडाशी चिमूटभर लोखंडाचा कीस होता. झटकला. आज सकाळी पुन्हा होता, आणि किसाच्या मागे खाचेतून नखाएवढं पातं बाहेर आलं होतं. माझ्या लेकाच्या हातचं नव्हे, लेकाच्या पात्यात निळी झाक असते. हे करडं होतं, धुक्याच्या रंगाचं. मी अंगठा फिरवला. अंगठ्यावरच्या गोल रेघांमधून एक सरळ लाल रेघ उठली.

शोभेची नाही. कामाची आहे.

पातं साडेचार वीत होईल तेव्हा तलवार पुरी होईल. आणि आमच्याकडे तलवार पुरी झाली की धनी येतो, अंगणात उभा राहतो, आणि त्याच्यासमोर कापणी होते. त्या दिवशी ती मूठ ठिणगीच्या हातात मी देणार नाही, एवढं पक्कं आहे. मापही मी घेतलं, मूठही मी बांधली. मी पात्याला तेल लावलं, नवं पातं आमच्यात कोरडं ठेवत नाहीत, आणि मूठ परत खिळ्याला टांगली. मग अंगणात जाऊन नातीला म्हटलं, "मला कापणी शिकव."

ती हसून हसून खाली बसली. सून आतून बाहेर आली, म्हणाली, "आई, आधी जिन्यावरून नीट उतरायला शिका." लेक तेवढा हसला नाही. त्याने माझ्यासाठी एक लाकडी तलवार कापून दिली.

तासभर मी त्या ओंडक्याशी झुंजले. पाय कसे ठेवायचे, कंबर कशी वळवायची, सगळं जमलं. चपला शिवणाऱ्या बाईच्या मनगटात जोर असतो, ते काही फुकट गेलेलं नाही.

"मस्त, आजी," ठिणगी म्हणाली आणि मागून माझी पकड बघायला वाकली. "फक्त ही करंगळी सुटतेय. चारही बोटं सारखी ठेव."

"माझी सारखी नाहीत बाई," मी म्हटलं. "तेवढीच ओळख राहू दे."